धारण तलाव उपसले की पूर संपला? मला पटत नाही

ऐरोलीकर
काल इथे कुणीतरी लिहिलं, "नवी मुंबईच्या धारण तलावांतला (पावसाचं पाणी साठवणाऱ्या खाडीकाठच्या तलावांतला) गाळ उपसा, पंप वाढवा, पुराचा विषय मिटला." वाचून डोकं तडकलं. पंप विजेवर चालतो. १२ ऑक्टोबर २०२० आठवा. कळवा-पडघा ४०० केव्ही वीजवाहिनीचं एक सर्किट दुरुस्तीसाठी बंद, भार दुसऱ्यावर, त्यात बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईतल्या लोकल आणि सिग्नल बंद पडले. पुराचा काही संबंध नसताना! हेच २६ जुलैसारख्या पावसात, ऐन भरतीला झालं तर? पंप थांबले, जनरेटर तळमजल्यावर पाण्यात, डिझेलचा टँकर ठाणे-बेलापूर रस्त्यावर अडकलेला, मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांत संपलेल्या. प्रत्येक खातं आपला आराखडा बाकीची खाती चालू आहेत असं धरून करतं. खरा धोका तिथे आहे.

वाशी_सेक्टर१७
ते मीच लिहिलं होतं. धारण तलावाला मुळात वीज लागत नाही. भरती चढली की बाहेरच्या दाबाने तलावाच्या खाडीकडच्या तोंडाची झडप मिटते, पाऊस तलावात साठतो, ओहोटीला झडप उघडून पाणी खाडीत जातं. १०० हेक्टर पाणलोटावर तासाला ५० मिमी पडला, त्यातलं ८० टक्के वाहून आलं, तर ४०,००० घनमीटर. १० हेक्टरच्या तलावाची पातळी ४० सेंटिमीटर चढली. झडप चार तास मिटलेली राहिली तर १.६ मीटर. गाळाने मीटरभर खोली खाल्ली असेल तर पाणी सेक्टरात शिरणारच. आधी गाळ, मग तुमचं ग्रिड.

ऐरोलीकर
झडप मिटते, पण बिजागरी गंजली किंवा फटीत ओंडका, थर्माकोल अडकला तर चार बोटांची जागा उघडी राहते. भरतीचं पाणी आधीच आत. पावसाआधीच तलाव अर्धा भरलेला. आणि "पंप वाढवा" तुम्हीच लिहिलंत. तासाला ४०,००० घनमीटर उपसायला सेकंदाला ११ घनमीटर क्षमता हवी. तेवढा भार कुठल्या फीडरवर (सबस्टेशनातून येणाऱ्या वीजवाहिनीवर) टाकणार?

तिवर
गाळ काढायचा म्हणजे तिवरं तोडायची, हे स्पष्ट बोला ना. २०१८ च्या उच्च न्यायालयाच्या निकालानंतर सार्वजनिक हिताच्या कामासाठीही न्यायालयाची परवानगी लागते. आणि ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे.

वाशी_सेक्टर१७
खाडीतल्या कांदळवनाला कोण हात लावतंय? तलाव माणसाने पाणी साठवायला खोदला. गळक्या झडपेतून खारं पाणी आणि गाळ आत आला, त्यावर तिवरं उगवली. त्यांची श्वसनमुळं आणखी गाळ धरतात. दरवर्षी खोली कमी होते आणि तुम्ही त्याला निसर्ग म्हणता!

तिवर
आवाज चढवून मुद्दा मोठा होत नाही. झाडं काढली की मुळांनी धरलेला गाळ सुटतो आणि पुढच्या पावसात झडपेच्या तोंडाशीच बसतो. सगळा तलाव खरवडायची गरज नाही. नाल्याच्या तोंडापासून झडपेपर्यंतचा प्रवाहमार्ग मोकळा करा, कडेची झाडं राहू द्या.

घणसोली_नाका
झाडांवर भांडताय आणि खाडीकाठच्या भरावावर कुणी अक्षर काढत नाही. पाणी पसरायची जागा भराव टाकून संपवली, नाले बंदिस्त केले, उताराला सिमेंट केलं. १०० हेक्टरमधून ८० टक्के वाहून येतं ते त्यामुळेच. त्याचा हिशोब आधी मांडा.

वाशी_सेक्टर१७
भराव उद्या उचलता येणार आहे का? जे या मे महिन्यात करता येईल ते बोला. प्रवाहमार्गापुरता गाळ काढायला माझी हरकत नाही, फक्त किती खोल ते भरतीच्या पातळीवरून ठरवा, झाडं बघून नको.

ऐरोलीकर
तिवरांवरून सगळे भरकटले. झडपांना जाळी आणि भरतीच्या वेळी माणूस, जनरेटर २००५ च्या पूरपातळीच्या वर, डिझेल २४ तासांचं जागेवरच, पंपांना दोन सबस्टेशनांतून फीडर. पण दोन्ही सबस्टेशनांना वीज कळव्यातूनच येत असेल तर ते दोन फीडर कामाचे नाहीत. हे एका खात्याला एकट्याने तपासताच येत नाही.

वाशी_सेक्टर१७
फीडरचं मान्य. तरीही झडप गळते आणि तलाव उथळ आहे तोवर कळवा सलग चालू राहिलं तरी सेक्टरात पाणी येणार. गाळाचा मुद्दा मी सोडत नाही.