मदत हवी आहे: भावाचा पिटबुल घरी आणावा का? (घरात लहान मुलगी आणि म्हातारी गावठी कुत्री)

नमस्कार मंडळी,

जरा सविस्तर लिहिते, कारण महिनाअखेरीस निर्णय द्यायचाय आणि घरात रोज यावरून खटके उडताहेत.

माझ्या धाकट्या भावाकडे तीन वर्षांचा पिटबुल आहे, भैरू. भावाला जर्मनीत नोकरी लागली. भैरूला सोबत नेता येत नाही, कारण जर्मनीने २००१ सालीच कायदा करून पिटबुल आणि त्याच्या जवळच्या आणखी तीन जातींचे कुत्रे देशात आणायला बंदी केली आहे. आईबाबांची सत्तरी उलटलीये, एवढा दांडगा कुत्रा त्यांना आवरायचा नाही. राहिलो आम्ही. आमच्याकडे साडेचार वर्षांची मुलगी, सासूबाई आणि मोती. मोती अकरा वर्षांची गावठी कुत्री, मागच्या पायांनी अधू झालेली.

भैरू पिल्लू होता तेव्हापासून मी त्याला बघतेय. माणसांशी वागायला अतिशय गुणी. मुलीच्या हातातला पोळीचा तुकडा ओठांनी अलगद काढून घेतो, दात लागू देत नाही. पण दिवाळीत भावाकडे गेलो होतो तेव्हा फाटकाबाहेरून एक भटका कुत्रा गेला. भैरू भुंकला नाही की गुरगुरला नाही. शेपूट ताठ, कान पुढे, नजर खिळलेली. आणि दुसऱ्याच क्षणी पट्टा धरलेल्या भावाला त्याने फरफटत पुढे नेलं. मोतीशी त्याची अजून गाठच पडलेली नाही.

सासूबाई लखनऊची बातमी विसरत नाहीत. जुलै २०२२ मध्ये तिथे कैसरबाग भागात ८२ वर्षांच्या निवृत्त शिक्षिकेचा घरच्याच पिटबुलच्या हल्ल्यात जीव गेला. भाऊ म्हणतो, कुत्रा वाईट नसतो, मालक वाईट असतो. मला दोघांचंही पूर्ण पटत नाही, म्हणून महिनाभर मिळेल ते वाचतेय.

अमेरिकेत १९७९ ते १९९८ या काळात कुत्र्यांच्या हल्ल्यात गेलेल्या २३८ माणसांचा अभ्यास झाला होता. त्यात निम्म्याहून अधिक मृत्यूंमागे पिटबुलसारखे कुत्रे आणि रॉटवायलर निघाले. मात्र त्याच अभ्यासकांनी बजावलं होतं की एवढ्यावरून जातीवर बंदी आणू नका. त्या जातीचे एकूण कुत्रे किती हेच कुणी मोजलेलं नाही, आणि नुसतं बघून जात ओळखण्यात चुका होतात. २०२२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारून केलेला अभ्यास आला. एकेका कुत्र्याच्या स्वभावातल्या फरकापैकी जातीमुळे पडणारा फरक सुमारे ९ टक्केच निघाला. नेदरलँड्सने तर १९९३ ची पिटबुलबंदी पंधरा वर्षांनी मागे घ्यायचं ठरवलं, कारण चावण्याचे प्रकार कमी झाले नव्हते.

हे वाचून मला हायसं वाटलं होतं. मग २००८ चा एक अभ्यास सापडला. माणसांवर धावून जाण्यात तिथे डॅशहुंड आणि चिवावा या छोट्या जाती सगळ्यांच्या वर होत्या, पण दुसऱ्या कुत्र्यांवर हल्ला करण्यात पिटबुल वरच्या क्रमांकांत! यात नवल नाही. इंग्लंडमध्ये १८३५ साली बैलांवर कुत्रे सोडायचा खेळ कायद्याने बंद झाला, तेव्हा शौकिनांनी कुत्र्यांच्या झुंजी वाढवल्या आणि बुलडॉग व टेरियरच्या संकरातून ही जात त्यासाठीच घडवली. जबडा ‘लॉक’ होतो ही भाकडकथा आहे, तसा काही सांधा त्यांच्यात नसतो. पण धरलं की सोडत नाहीत आणि झटके देतात, त्यामुळे जखम खोल होते, हे खरं. ‘पूर्वी हे मुलं सांभाळायला ठेवत’ असं भावाने पाठवलं होतं, त्यालाही इतिहासात आधार नाही.

म्हणजे घरातले सगळे मुलीची चिंता करताहेत (ती मलाही आहेच), पण मला जास्त धास्ती मोतीची वाटते. तिला पळताही येणार नाही.

माझे प्रश्न:
वयात आलेला पिटबुल आणि म्हातारी कुत्री एका घरात कुणी ठेवलेत का? दोन वेगळ्या खोल्यांत कायमचं ठेवणं निभतं का? आणि कायद्याचं सध्या काय? मार्च २०२४ मध्ये केंद्राने पिटबुलसह २३ जातींवर बंदीचं परिपत्रक काढलं होतं, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी तेच दाखवताहेत.

प्रतिसाद १
ताई, कायद्याचं आधी सांगतो. ते परिपत्रक कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्येच रद्द केलं, संबंधितांशी चर्चा न करता काढलं म्हणून. सोसायटीने सरसकट मनाई करू नये असं केंद्राच्या प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्येच सांगितलंय. तरी महापालिकेचा परवाना आणि रेबीजची लस चोख ठेवा. निष्काळजीपणामुळे कुत्र्याने कुणाला इजा केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

आता मोतीचं. माझ्याकडे पिटबुल आणि एक गावठी कुत्रा होता. दोन वर्षं एका पांघरुणात झोपायचे. पिटबुल अडीच वर्षांचा झाला आणि एके दिवशी जेवणाच्या ताटलीवरून जुंपली. गावठी वाचला, पण कान गेला. त्यानंतर एक आत तर दुसरा बाहेर, मधे दोन दारं, असं पाच वर्षं काढलं. निभतं, पण घरातल्या प्रत्येकाने दार लावायची आठवण ठेवावी लागते. साडेचार वर्षांची मुलगी ती ठेवेल का, तुम्हीच सांगा.

प्रतिसाद २
जात बदनाम करणाऱ्यांचा मला राग येतो. २००७ मध्ये अमेरिकेत मायकेल विक या फुटबॉलपटूच्या झुंजीच्या अड्ड्यावरून सुमारे पन्नास कुत्रे सोडवले, त्यातले बरेच पुढे घरांत रुळले. पण त्यातल्या कित्येकांना घर देतानाही घरात दुसरे प्राणी आहेत का, हे बघितलं गेलं. भैरूला संधी मिळायलाच हवी. तुमचं घर त्यासाठी योग्य आहे असं मला वाटत नाही.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. दार लावायचं वाचलं आणि थांबले. आमच्याकडे दिवसातून दहा वेळा दार उघडं राहतं. सासूबाई, मुलगी, कामाच्या मावशी. भावाशी बोलले, मोती आहे तोवर भैरू इथे येणार नाही. तो रागावलाय, तरी त्याने जाण्याची तारीख दीड महिना पुढे ढकलून घेतली.

आता मदत हीच हवी: पुण्यात किंवा नाशिकच्या आसपास, घरात लहान मूल आणि दुसरा कुत्रा-मांजर नसलेलं, मोठे कुत्रे आधी सांभाळलेलं कुणी असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा. नसबंदी झालीये, लसी पूर्ण आहेत, तोंडाला जाळी घालून फिरायची सवय आहे. भटका कुत्रा दिसल्यावर काय होतं ते मी लपवणार नाही, प्रत्यक्ष दाखवीन. खाण्याचा आणि डॉक्टरांचा खर्च भाऊ दरमहा पाठवेल.