ड्रॅगनांनी लग्नं जुळवायची असतील, तर प्रेमकथा कशाला लिहायची?

कडूकारले
रेबेका यारोसची 'फोर्थ विंग' (2023) आणि तिचे पुढचे दोन्ही भाग वाचून संपवले. प्रणय आणि फँटसीची सरमिसळ म्हणजे रोमँटसी, आणि सध्या दुकानात शिरलं की समोरचं टेबल याच पुस्तकांचं. तिसरा भाग 'ऑनिक्स स्टॉर्म' जानेवारी 2025 मध्ये आला, पहिल्याच आठवड्यात सुमारे 27 लाख प्रती गेल्या. जाऊ देत, माझ्या पोटात दुखत नाही. तक्रार वेगळी आहे.

सुरुवात झकास आहे. पोथ्या-इतिहासात रमणारी, किरकोळ अंगाची व्हायोलेट. आई सेनापती, ती पोरीला बळजबरीने ड्रॅगनस्वारांच्या विद्यालयात ढकलते. पहिल्याच दिवशी उंचावरच्या अरुंद दगडी पुलावरून चालत जायचं, तोल गेला की कारभार आटोपला. रांगेतल्या एका अनोळखी मुलीच्या बुटांचे तळ गुळगुळीत आहेत हे बघून व्हायोलेट स्वतःचा एक बूट तिला देते आणि तिचा एक आपल्या पायात घालते. दोघींना एकेक चांगला पाय! एवढ्या प्रसंगात पोरगी कळते, मैत्री कळते, भीतीही कळते.

मग येतो झेडन. त्याच्या बापाने बंड केलं, त्यात बापाला देहदंड झाला, आणि बंड चिरडणारी हिची आई. इतकं सणसणीत वैर हाताशी असताना लेखिका करते काय, तर दोघांच्या ड्रॅगनांची जोडी लावून देते. ड्रॅगनांना एकमेकांपासून फार काळ लांब राहता येत नाही, म्हणून स्वारांनाही नाही. तिकडे ते रंगात आले की इकडे यांचंही रक्त उसळतं. वैर विरघळायला जे कष्ट लागले असते ते परस्पर वाचले. जादूने प्रेम अवघड व्हायला हवं, इथे ते फुकटात मिळतं.

सांडगी_मिरची
साफ असहमत. काका (काकाच असणार!), ड्रॅगनांनी फक्त जवळ आणलंय हो. आपल्याकडे पत्रिका जुळवून बोहल्यावर उभं करतात तसं. खरी गोष्ट अंतरपाट निघाल्यावरच सुरू होते ना? तो तिच्यापासून काय काय लपवतो, आणि ते कळल्यावर ती त्याच्यावर विश्वास ठेवणार का, हा पुस्तकाचा प्रश्न. ओढ आहे हे दोघांनाही माहीत आहे, त्यात रहस्य कसलं? सीमेपलीकडचं संकट खोटं म्हणून सगळ्या राज्याला फसवलं गेलंय आणि झेडनला ते आधीपासून…

ओसरी
अहो थांबा! मी अजून निम्म्यातच आहे. पुढे रहस्यभेद आहे एवढं तरी वर लिहीत जा.

कडूकारले
काका नाही, मावशी म्हणा. आणि विश्वासाचा प्रश्न शेवटच्या काही प्रकरणांत येतो. तोवर निम्मं पुस्तक त्याचे दंड आणि त्यावरचं गोंदण बघण्यात गेलेलं असतं.

मोडीवाचक
प्रेमकथेत अद्भुत कशाला, हा वाद आपल्याकडे दीडशे वर्षं जुना आहे. हळब्यांची 'मुक्तामाला' ही कादंबरी 1861 ची, रिसबुडांची 'मंजुघोषा' 1868 ची. राजपुत्र, राजकन्या, ताटातूट, अद्भुत योगायोग आणि शेवटी मीलन. गंमत म्हणजे रिसबुडांनी प्रस्तावनेतच कारण देऊन टाकलंय: आपल्या लग्नाच्या रीतीच अशा, की रोजच्या आयुष्यात कादंबरीजोगं चित्तवेधक काही सापडत नाही, म्हणून अद्भुताकडे वळावं लागतं. प्रेमाला घरात जागा नव्हती, ती राजवाड्यात शोधली. आज तीच जागा ड्रॅगनच्या पाठीवर मिळाली तर नाक कशाला मुरडायचं?

कडूकारले
मग पुढे 'पण लक्षात कोण घेतो'मध्ये हरिभाऊंनी पुण्याच्या माजघरातच सगळं शोधून दाखवलं, आणि ती मंजुघोषा आज अभ्यासक्रमाबाहेर कोण वाचतं? मला अद्भुताचं वावडं नाही हो. रेबेका रॉसची 'डिव्हाइन रायव्हल्स' (तीही 2023 चीच) बघा. आयरिस आणि रोमन एकाच वर्तमानपत्रात एकाच जागेसाठी झगडणारे. आयरिस लढाईवर गेलेल्या भावाला पत्रं टंकते आणि कपाटाच्या दाराखाली सरकवते. ती पोचतात रोमनकडे. तो निनावी उत्तरं देऊ लागतो. ती मन मोकळं करत राहते, आणि हा सगळं वाचून सकाळी कचेरीत तिच्यासमोर मख्ख चेहऱ्याने बसतो. जादू इथेही जोडी जुळवते, पण त्याला अपराधी करून सोडते. देवांचं युद्ध पुठ्ठ्याच्या नेपथ्याइतपतच आहे हे कबूल, तरी पत्रांसाठी सगळं माफ.

निळी_शाई
बूट सगळ्यांना आठवतो, खोगीर कुणालाच नाही! माझ्या बहिणीचे सांधे जरा काही झालं की निखळतात. यारोसला स्वतःला एहलर्स-डॅनलॉस हा आजार आहे, आणि व्हायोलेटचं दुखणंही त्याच जातीचं. ती सांध्यांना पट्ट्या गुंडाळून मैदानात उतरते, ताकद कमी पडते म्हणून प्रतिस्पर्ध्यांना आधीच विष चारते. बाकीचे स्वार नुसत्या पायांच्या पकडीवर बसतात, तिला ते जमत नाही. तेव्हा झेडन तिच्यासाठी खोगीर करून आणतो. 'तू नाजूक, घरी बस' असं न म्हणता 'हे घे, आता उड' म्हणणारा नायक. माझ्या बहिणीने तो भाग मला फोनवर मोठ्याने वाचून दाखवला होता. तुम्ही म्हणता ते कष्ट इथे आहेत, ड्रॅगनांनी केलेले नाहीत.

कडूकारले
खोगिराचा प्रसंग चांगलाच आहे. म्हणूनच चिडचिड होते ना! ज्या बाईला बूट आणि खोगीर सुचतं, तिने पुढच्या दोन भागांत 'मी तुझीच', 'तू माझाच' यावर शेकडो पानं का घालवावीत? शिवाय शेकडो वर्षांपूर्वीच्या राजवटीतली पोरं बोलतात अमेरिकन कॉलेजच्या कँटीनमधल्यासारखी.

ओसरी
मी अभ्यास मध्येच सोडून वाचतोय तो त्या कँटीनमुळेच. जुन्या धाटणीत लिहिलं असतं तर पुलावरूनच परत आलो असतो.

मोडीवाचक
मावशी, तुमच्यासाठी हेदर फॉसेटची एमिली वाइल्ड. 1909 साली केंब्रिजची विदुषी पऱ्यांचा कोश लिहायला उत्तरेकडच्या बर्फाळ खेड्यात जाते. विद्या अफाट, माणसांशी वागण्यात शून्य. पाठोपाठ तिचा देखणा, आळशी सहकारी टपकतो. सगळं रोजनिशीत, वर तळटीपा.

कडूकारले
वाचलीय, आणि ती मला पुरून उरली. चुंबनासाठी ताटकळायला लावते, पण पऱ्यांचे कायदेकानून एकदाही मोडत नाही.

सांडगी_मिरची
मी चाळिसाव्या पानावर ठेवून दिली. प्रेमात पडायला निघालेली बाई तळटीपा देत बसते? मावशी, तुम्हाला तुमच्या तळटीपा लखलाभ. मला ड्रॅगनच द्या, आणि पुढचा भाग कधी येतोय तेवढं कुणीतरी सांगा.