लाडक्या बँडनं सूर बदलला आणि दोन पार्ट्या पडल्या : तुमचे अनुभव लिहा

आर्णीकर
परवा पुण्याहून भाचा आला होता. हरभऱ्याच्या ओलिताला वावरात गेलो, तर त्यानं धुऱ्यावर बसून मोबाइलवर लिंकिन पार्क या अमेरिकन रॉक बँडची 'फ्रॉम झिरो' लावली. २०२४ चा अल्बम. आमच्या वेळचा गायक चेस्टर बेनिंग्टन आता नाही, त्याच्या जागी एमिली आर्मस्ट्राँग गाते. म्हणे, "मामा, तुमच्या वेळच्या लोकांना हे चालत नाही ना?" आणि मला पुसदचं होस्टेल आठवलं.

आम्ही सगळी दिग्रस, नेर, उमरखेडकडची पोरं. एसटी स्टँडसमोरच्या मोबाइलच्या दुकानात दहा-वीस रुपयांत मेमरी कार्ड भरून मिळायचं. फाइलवर गाण्याचं नाव नसायचं, नुसतं ट्रॅक एक, ट्रॅक दोन. त्यामुळे २००० ची 'हायब्रिड थिअरी', २००३ ची 'मेटिओरा' आणि २००७ ची 'मिनिट्स टू मिडनाइट' आमच्याकडे एकाच दिवशी, एकाच फोल्डरमध्ये आली. आधीचं कोणतं, नंतरचं कोणतं, काही पत्ता नाही. चेस्टर ओरडायचा तेही आवडायचं, हळू गायचा तेही आवडायचं.

मग नागपूरचा एक जण रूमवर राहायला आला. त्याच्याकडे ओरिजिनल सीड्या. त्यानं क्रम लावून दिला आणि सांगितलं, पहिल्या दोन खऱ्या. तिसरीत रिक रुबिन या निर्मात्याला घेतलं, बँडमधल्या माइक शिनोडाचा रॅप दोनच गाण्यांवर आला, बँड विकला गेला. झालं! ज्या गाण्यांवर काल एकत्र माना हलवत होतो, त्यातली निम्मी आज बाटली.

२०१० ला 'अ थाउजंड सन्स' आली तेव्हा तर बोलणं बंद व्हायची वेळ. गिटार मागे, कीबोर्ड पुढे, मध्येच मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणाचा तुकडा. भारनियमनात रात्री मी आणि तो नागपूरचा एकच हँड्सफ्री लावून ऐकायचो, एक बोंडी त्याच्या कानात, एक माझ्या. नव्यातलं गाणं लागलं की तो बोंडी काढून माझ्या उशीवर ठेवायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा. गाणं संपलं की मी कोपर मारायचो, तो परत लावायचा. एक शब्द नाही.

मला आजही वाटतं, बँडनं केलं ते बरोबर केलं. विशीतला राग पस्तिशीत तसाच्या तसा कुठून आणायचा? पण त्याचंही मला कळायचं. त्याच्या घरचं तेव्हा फार वाईट चाललं होतं आणि ते ओरडणं त्याच्या उपयोगी पडत होतं. ज्याच्या जिवाला आधार होता त्यालाच तो काढून घेतल्यासारखं वाटणार.

तुमच्याकडं कोणावरून फाटलं? लिहा.

बल्लारपूर पॅसेंजर
मेटॅलिका, अमेरिकेचा हेवी मेटल बँड. १९९६ ला 'लोड' आली, चौघांनी केस कापलेले. आमच्या कॉलनीत ज्याच्याकडे कॅसेट होती त्यानं आतला कागद उलटा घालून ठेवला, फोटो दिसू नये म्हणून. १९९१ च्या काळ्या कव्हरच्या अल्बमपासूनच घसरले म्हणणाराही एक होता. आठ-आठ मिनिटांची गाणी सोडून बॉब रॉक या निर्मात्याच्या नादी लागले, हे त्याचं दुखणं. २००३ च्या 'सेंट अँगर'वर मात्र दोन्ही पार्ट्या एक झाल्या. लार्स उलरिकचा स्नेअर ड्रम रिकामं पिंप बडवल्यासारखा, आणि गिटारवाल्या कर्क हॅमेटला अख्ख्या अल्बमात सोलो नाही! पुढचं जेवून लिहितो.

वरुडची संत्री
पिंप अगदी अगदी 😄
आर्णीकर भाऊ, हरभरा कोणता पेरला? आमच्याकडं तुरीवर मर आला आहे यंदा, उभी झाडं वाळली.

आर्णीकर
जॅकी. तुरीचं आमच्याकडंही तसंच आहे ताई, धुऱ्याकडच्या ओळी गेल्या.

सेलूची लेक
'अ थाउजंड सन्स'ला कोणी नावं ठेवू नका हो! माझा सगळ्यात जवळचा अल्बम आहे तो. आमच्या वर्धा जिल्ह्यात, पवनार जवळ, घरोघरी गीताई. माझी आजी रोज पहाटे म्हणायची, मी अर्धवट झोपेत ऐकायची. कॉलेजात हा अल्बम ऐकला, त्यात अणुबॉम्ब बनवणाऱ्या शास्त्रज्ञाचा, ओपेनहायमरचा खरा आवाज आहे, अणुबॉम्बच्या चाचणीबद्दल बोलतानाचा, गीतेतलं 'मी काळ आहे' ते सांगतानाचा. अंगावर काटा आला. अल्बमचं नावही अकराव्या अध्यायातलंच, दिवि सूर्यसहस्रस्य. आजीला ऐकवलं. तिला गाणी नाही कळली, पण त्या माणसाचा आवाज दोनदा लावायला सांगितला आणि म्हणाली, "हा रडून राह्यला का गं?"
माझा भाऊ मेटिओरावाला. त्याचं म्हणणं, ही रॉक नाही, प्रवचन आहे. आमचं अजून मिटलं नाही. कुकरची शिट्टी झाली, येते.

आर्णीकर
ताई, आजीचं वाचून थांबलो थोडा वेळ. माझ्या मित्राला हे पाठवतो.

उमरेड रोड
रॉक गिक आपल्याले कमी समजते बाप्पा, पन पार्ट्या समजते. आमच्या इकडं वरातीत पैले ब्रासबँड राहे. क्लॅरिनेटवाला काका असा वाजवे का नवरीची माय रडे. मंग धुमाल आला. गाडीवर कर्णे, कीबोर्ड, पॅड, छाती हालते अशी धमक. आमच्या गावच्याच बँडवाल्यानं क्लॅरिनेट ठेवून धुमाल काढला. पोट्टे खूश, मोठे लोक लग्नात येऊन जेवत नोते! मी नाचलो धुमालवरच, खोटं काऊन सांगू. पन माह्या बहिनीच्या लग्नात बिदाईले त्याच काकाले हात जोडून क्लॅरिनेट काढाले लावली. दोन्ही पाह्यजे गड्या.

बल्लारपूर पॅसेंजर
उमरेड भाऊ, धुमालच्या गाडीमागून चालत आलेल्याला मेटॅलिकाच्या आवाजाची काय भीती! 😄
तर पुढचं. ३० ऑक्टोबर २०११, बेंगळुरूचं पॅलेस ग्राउंड्स. दोन दिवस आधी गुडगावचा कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला, लोकांनी स्टेज तोडलं, त्यामुळे बल्लारशाहून गाडीत बसलो तेव्हा हाही होतो की नाही ही धाकधूक. झाला. मेटॅलिकाचा गायक हेटफिल्ड समोर उभा. काळ्या अल्बमपासून घसरले म्हणणारा आमच्यातला तो सोबत होता. काळ्या अल्बममधलं संथ गाणं लागलं, ज्याला त्यानं वीस वर्षं शिव्या घातल्या, आणि त्याला सगळे शब्द पाठ! विचारलं तर म्हणे, शत्रूचं पाठच असतं. परतीच्या प्रवासात पुन्हा भांडला.

परतवाड्याचे मास्तर
हे भांडण जुने आहे मित्रांनो. २५ जुलै १९६५, अमेरिकेतला न्यूपोर्टचा लोकसंगीत महोत्सव. साध्या गिटारवर लोकगीतं गाणारा म्हणून नावाजलेला बॉब डिलन इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला आणि श्रोत्यांतल्या अनेकांनी हुर्यो उडवली. काहींच्या मते आवाजयंत्रणा वाईट होती म्हणून लोक ओरडले. काहीही असो, त्या दिवशी त्यानं ऐकणाऱ्यांची मर्जी राखली असती, तर पुढचं पुष्कळ काही आपल्याला मिळालं नसतं. मी विद्यार्थ्यांना हे आवर्जून सांगत असे.

तिवसा तालुका
मास्तर, आमच्याकडं राष्ट्रसंतांच्या भजनात ऑक्टोपॅड आणला तेव्हा हेच झालं. मोझरी जवळ, त्यामुळे गावात गुरुदेव सेवा मंडळ आधीपासून. खंजिरी, टाळ, पेटी, एवढ्यावर चालायचं. पोरांनी स्पर्धेसाठी पॅड आणि कीबोर्ड घेतला. बाबा मंडळात बत्तीस वर्षं खंजिरी वाजवत होते, ते उठून मागे जाऊन बसले. त्यांचं म्हणणं साधं होतं : खंजिरी हातात धरून तुकडोजी महाराज गावोगाव फिरले, कारण ती पिशवीत मावते आणि तिला लाइन लागत नाही. लाइन गेली की तुमचं भजन बंद. मला हे कोणत्याही रॉकवाल्याच्या वादापेक्षा पक्कं वाटतं. पोरं स्पर्धेत पहिली आली, तरीही.

दारव्हा लाइन
मला एमिली नाही चालत. आवाज चांगला आहे, मेहनत आहे, सगळं मान्य. पण नाव तेच कशाला ठेवायचं? वेगळं नाव घ्या, मी पहिला ऐकेन.
मे २०१७ ला 'वन मोअर लाइट' आला, सगळा मऊ, पॉप. मी खूप वाईट बोललो त्याबद्दल ग्रुपवर. दोन महिन्यांत, २० जुलैला, चेस्टर गेला. बातमी कळली तेव्हा आमच्याकडं डवरणी सुरू होती. तो अल्बम मला आजही आवडत नाही, गेला म्हणून आवडायला लागला असं नाही म्हणणार. पण ज्या गाण्यांनी माझी बारावी निघाली ती त्याच्या गळ्यातून आली आहेत. त्या जागेवर मला दुसरं कोणी बघवत नाही.

सेलूची लेक
दारव्हा भाऊ, तुमचं दुःख कळतं. पण एसी/डीसी या रॉक बँडचं बघा. त्यांचा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८० मध्ये गेला आणि जुलैत ब्रायन जॉन्सनला घेऊन 'बॅक इन ब्लॅक' आली. नाव तेच ठेवलं, कव्हर काळं केलं त्याच्या आठवणीत. राहिलेल्या माणसांचंही तेवढंच आयुष्य त्या नावात गेलेलं असतं ना?

दारव्हा लाइन
हे पटतंय ताई. तरी मनाचं होत नाही. बघू.

वडसाचा जी
झाडीपट्टीचं कोणी लिवलं नाही म्हून लिवतो जी. आमच्या नाटकात आधी ऑर्गन आन तबला. आता पॅड आला, मधात लावणी आली, पोट्टे शिट्ट्या मारतेत. जुने लोक म्हनतेत नाटक बिघडलं. पन मंडप भरते, आन वडश्यातल्या नाटक कंपन्यायचं पोट त्याच्यावर हाय. आमच्या गावचा ऑर्गनवाला म्हातारा पॅडवाल्या पोट्ट्याच्या बाजूले बसून त्याले तालाची जागा दाखवते, मी सोता पाह्यलं.

परतवाड्याचे मास्तर
झाडीपट्टीचे नाटक आयुष्यात पाहायचे राहिले आहे. केव्हा यावे?

वडसाचा जी
भाऊबीजेनंतर कवाही या सर. गोंदिया-बल्लारशा लाइनवर वडसा टेसन हाय, तिथं उतरा. नाटक रातच्याला दहाच्या पुढं सुरू होते, सकाळवरी चालते. खड्डा करून बसाची जागा करतेत, समोर बसा, मागं दिसत नाही. स्वेटर आना, शेकोटी आमी करू.

वरुडची संत्री
मास्तर, गाडीत एक जागा माझीही धरा. आणि मर आलेल्या तुरीचं काय करायचं ते कोणी सांगा हो, कृषी सहायक उद्या येतो म्हणाला आहे.