रहस्यकादंबरी सुचवा: खोटा आळ, रंग-जात आणि बालपणीचा घाव (बजेट ३००)

चोपड्याची_माई
आम्ही सहा जणी दर महिन्याला एक पुस्तक वाचतो. दिवाळीच्या सुट्टीसाठी रहस्यकादंबरी हवी आहे. लहानपणी बसलेला घाव, जन्मावरून किंवा रंगावरून घेतलेला संशय, निर्दोष माणसाला झालेली शिक्षा, हे सगळं हवं. खुनी मात्र शेवटपर्यंत कळू नये. सोपं इंग्रजी चालेल. बजेट ३०० रुपये.

मी चौथीत असताना गावात विहिरीवरची मोटर चोरीला गेली. माझ्या वर्गात पारधी वस्तीतला एक मुलगा होता, त्याच्या वडिलांना धरून नेलं. मोटर पुढे मालकाच्याच भावकीत सापडली. तो मुलगा पुन्हा शाळेत आला नाही.

तापीकाठ
हार्पर ली यांचं टू किल अ मॉकिंगबर्ड. दुसरं बघूच नका. १९६० चं पुस्तक, पुढच्याच वर्षी पुलित्झर पुरस्कार. मारहाण करणारा डावखुरा असणार हे कोर्टात दिसतं, आरोपी टॉम रॉबिन्सनचा तर डावा हात निकामी. तरी तो काळा म्हणून दोषी.

भुसावळ_जंक्शन
मीही मॉकिंगबर्डच म्हणेन. नागपूरला जाताना निम्मं वाचून झालं होतं, अकोला कधी गेलं कळलं नाही.

केळीबाग
काय भो, ताईंनी रहस्यकादंबरी मागितली आहे! त्यापेक्षा ब्रायन स्टीव्हन्सन यांचं जस्ट मर्सी घ्या. ते स्वतः वकील. वॉल्टर मॅकमिलियन हा निर्दोष माणूस सहा वर्षं फाशीच्या कोठडीत होता, १९९३ मध्ये सुटला. प्रकरण अलाबामातल्या मन्रोव्हिलचं, म्हणजे हार्पर ली यांच्याच गावचं. मी जाड पुठ्ठ्याची प्रत ९०० ला घेतली, घरातल्या तिघांनी वाचली.

तापीकाठ
मग ती तर कादंबरीही नाही. सत्यकथा आहे.

धुळे_वकिली
अमेरिकेत कशाला जायचं? नाशिक जिल्ह्यातलं २००३ चं प्रकरण घ्या. भटक्या जमातीतले सहा जण. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली आणि ५ मार्च २०१९ ला त्याच न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. त्यातला एक घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. प्रत्येकी ५ लाख भरपाई. निकालपत्र फुकट वाचायला मिळतं. आख्ख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा कायदा १९५२ मध्ये गेला, पण ताईंच्या गावात मोटर गेल्यावर लोक वस्तीकडेच गेले ना?

अमळनेरचा_वाचक
ॲगाथा ख्रिस्तीची ऑर्डील बाय इनोसन्स, १९५८. दत्तक आईच्या खुनासाठी जॅको दोषी ठरतो आणि तुरुंगातच न्यूमोनियाने जातो. मग एक माणूस येऊन सांगतो, त्या वेळी जॅको माझ्या गाडीत होता. म्हणजे खुनी घरातलाच कुणीतरी! बाकीची भावंडंही दत्तक. मिकीला सख्ख्या आईने पैसे घेऊन देऊन टाकलं, ते त्याला शेवटपर्यंत सलतं. टीना मिश्र वंशाची, तिच्याबद्दलची भाषा मात्र खटकते. जुनी प्रत ऑनलाइन मागवू नका. मला आली तिला शेवटची वीस पानं नव्हती, पैसेही परत मिळाले नाहीत.

भुसावळ_जंक्शन
वाचली आहे. खरं तर जॅकोने...

केळीबाग
अहो, शेवट फोडू नका!

तापीकाठ
ख्रिस्तीच्या काळचे पूर्वग्रह आज कशाला वाचायचे? मॉकिंगबर्डच घ्या.

सातपुडा_पायथा
जळगावला व. वा. वाचनालयात आधी विचारा, ३०० रुपये वाचतील.

चोपड्याची_माई
सगळ्यांचे आभार. निकालपत्र छापून घेतलं, ते मी वेगळं वाचणार आहे. वाचनालयाची प्रत महिनाभर सहा जणींत फिरवता येणार नाही, म्हणून ऑर्डील बाय इनोसन्स नवी मागवली. तापीकाठ दादा, टीनाबद्दलची ती भाषा आम्हाला वाचायचीच आहे. आमच्या गावचे लोकही वाईट नव्हते, पण त्या दिवशी असंच बोलत होते, त्यांत माझे आजोबाही होते. दोघींना इंग्रजी जमत नाही. त्यांना मी रोज एक प्रकरण अहिराणीत सांगणार आहे.