जिनिंगमध्ये संक्रांतीनंतर माणसं गळतात, काय करावं?

कापूसपट्टा_मॅनेजर
हिंगणघाटकडं जिनिंग आहे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. डबल रोलर मशीन, दोन पाळ्या, निम्मी माणसं मुकादमाची. दिवाळीनंतर काम जोमात असते, संक्रांत झाली की गैरहजेरी वाढते. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी तर काही जण अर्ध्या पाळीतून घरी जातात. मजुरी कमी नाही, बक्षीसही लावून पाहिलं. माणसं मन लावून टिकावी यासाठी मॅनेजरच्या हाती नेमकं काय आहे?

हजेरीपट
भाऊ, बक्षीस राहू द्या, आधी हिशेब पाहा. उचल (आगाऊ घेतलेले पैसे) किती फिटली, जादा तास किती धरले, हे मजुराला पगाराच्या दिवशीच कळते आणि तोवर मनात अढी बसते. पाळी सुटताना हातात चिठ्ठी द्या: तास, जादा तास, उचलीची कपात, बाकी. ओव्हरटाइम दुप्पट दरानंच. पगार आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी, सुट्टी बाजाराच्या दिवशी.

फेब्रुवारी-मार्चात हरभरा, गहू निघतो. माणूस वावरात जाणारच. दंड लावला तर तो परत येत नाही. कोणाची सोंगणी कधी, हे जानेवारीतच विचारून पाळीपाळीनं सुट्ट्या लिहून ठेवा. हंगाम संपला की पीएफच्या पोर्टलवर काम सोडल्याची तारीख भरा, नाहीतर त्याचे पैसे अडकतात. मग पुढच्या दिवाळीला तो तुमच्याकडं काहून येईल?

धूळ_आणि_दम
अर्ध्या पाळीतून घरी जाणाऱ्यांच्या बाबतीत लोक लगेच दारूचं नाव घेतात. छातीचं विचारा जी. कापसाच्या धुळीनं बिसिनोसिस हा फुफ्फुसाचा आजार होतो, आणि त्याची सुरुवातीची खूण हीच: सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, खोकला येतो, दम लागतो, पुढच्या दिवसांत कमी होते. म्हणून कोणाला बरं वाटत नाही हे लिहिताना वारही लिहा. ज्यांचा वार सुट्टीच्या दुसऱ्या दिवसाशी जुळतो त्यांची त्याच दिवशी पाळीआधी आणि पाळीनंतर फुफ्फुसाची तपासणी करायला लावा, स्पायरोमेट्री म्हणतात.

मशीन साफ करताना हवेचा पाइप मारू नका. साचलेली धूळ सगळ्या शेडभर उडते. ती ओढून घेणारं यंत्र वापरा. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही, एन ९५ मास्क नाकावर घट्ट बसला पाहिजे. रोलर क्रोम चामड्याचे असतील तर त्यांच्या भुकटीत क्रोमियम हा घातक धातू असतो. बदलायची वेळ आली की रबर-कापडाचे घ्या. मार्चपासून उन्हासाठी ओआरएस (मीठ-साखरेची पुडी) ठेवा: एक पुडी, एक लिटर पाणी, २४ तासांत संपवायचं.

फळा_खडू
पाळी सुरू होताना दहा मिनिटं उभ्यानं बोला. फळ्यावर तीन रकाने: अडचण, कोण करणार, कधीपर्यंत. होणार नसेल तर कारणासकट तेही लिहा. पहिल्या आठवड्यात दोन दिवसांत सुटेल अशीच एक अडचण घ्या, बहुतेक ती बायांच्या संडासातल्या पाण्याची निघेल. मुकादम समोर असला की कोणी तोंड उघडत नाही. महिन्यातून एकदा पाच-सहा जणांना त्याच्याशिवाय बसवा, बायांना वेगळं.

कापूसपट्टा_मॅनेजर
मुकादम रुसेल ना?

हजेरीपट
त्याचं कमिशन कापू नका आणि बैठकीचा वार त्याला आधीच सांगा. उचलीची चिठ्ठी मात्र मजुराच्याच हाती द्यायची, त्याच्यामार्फत नाही.