टोबॅगो केजला कुणी जाऊन आलंय का?

नमस्कार मंडळी,
मार्चच्या सुट्टीत मुलांना घेऊन टोबॅगो केजला जायचं म्हणतोय. सोबत आई आहे, तिला पोहता येत नाही. एका दिवसात उरकेल का? आणि बेरिल वादळानंतर तिथं बघण्यासारखं काही उरलंय का?
(टोरांटो)

उत्तर:
दादा, उरलंय तर! फक्त नावावर जाऊन टोबॅगोचं तिकीट काढू नका. ही पाच निर्मनुष्य बेटं कॅरिबियनमधल्या सेंट व्हिन्सेंट अँड द ग्रेनेडीन्स या देशातली, मेरो बेटाच्या पूर्वेला. १९९७ पासून सागरी उद्यान आहे. टोरांटोहून सेंट व्हिन्सेंटच्या अर्गाइल विमानतळाला थेट विमान मिळतं, पुढे जवळच्या युनियन आयलंड बेटापर्यंत फेरी.

एका दिवसात उरकू नका. मेरो नाहीतर युनियनवर मुक्काम करा आणि सकाळी लवकर त्या पाचांतल्या बराडाल बेटावर पोचा, पर्यटकांच्या कॅटमरान बोटींची गर्दी व्हायच्या आत. तिथं बोयांनी आखलेल्या भागात हिरवी कासवं समुद्री गवत चरत असतात. एक कासव मी बराच वेळ बघत होते. मान खाली, चावा, पुन्हा चावा, पाठीवर चिकटलेला एक मासा. मग सावकाश वर येऊन फुस्सकन श्वास, आणि परत खाली. मुलांना एवढंच बजावा: हात लावायचा नाही आणि डोक्यावर घोंगावायचं नाही. वर यायला वाट मिळाली नाही तर ते श्वास घेणार कसं?

या गवतावर एक संकट आहे. लाल समुद्र आणि हिंदी महासागरातलं एक गवत २००२ मध्ये ग्रेनेडाला सापडलं आणि तिथून कॅरिबियनभर पसरत चाललंय. म्हणजे आपल्याच बाजूचा पाहुणा! जहाजांचे नांगर ते उपटून दुसरीकडे रुजवतात, म्हणून नांगर न टाकता बोट बांधायची ती मूरिंगलाच, म्हणजे तिथं कायम बसवलेल्या बोयालाच.

हॉर्सशू रीफवर (बेटांभोवतीच्या प्रवाळभिंतीवर) वारा असेल तर पाण्याची ओढ जबर असते, मुलांना एकटं सोडू नका. सनस्क्रीन चोपडण्यापेक्षा लांब बाह्यांचे टीशर्ट घाला.

बेरिलनं १ जुलै २०२४ ला युनियनवरची बहुतेक घरं मोडली. तेव्हा बोट, जेवण, खोली सगळं तिथल्याच लोकांकडून घ्या, आणि घासाघीस करू नका, प्लीज.

पुन्हा:
ताई, खूप आभार. आईचं काय पण? आणि शेवंड मिळेल ना?

उत्तर:
काकूंना बोटीतूनही कासवांची डोकी दिसतील. पाय साथ देत असतील तर पाचांतल्याच पेटी बातो बेटाच्या टेकडीवर न्या, वरून सगळी प्रवाळभिंत दिसते. शेवंड मार्चमध्ये मिळेल, बंदी मे ते ऑगस्ट. किनाऱ्यावरच भाजून देतात, पण सकाळीच सांगून ठेवावं लागतं.