'विश' वापरून पैसा कमवायचा तर धोका किती?

प्रश्न: डंजन्स अँड ड्रॅगन्स (फासे टाकून खेळायचा, पात्रं वठवायचा खेळ), पाचवी आवृत्ती, २०१४चे नियम. विझर्ड (जादूगार) १७व्या लेव्हलचा. 'विश' या नवव्या लेव्हलच्या इच्छापूर्ती मंत्राने २५,००० सुवर्णमुद्रांची वस्तू मिळते, मग रोज एक का मागू नये?

प्रतिसाद १: दर वेळी ३३ टक्के शक्यता असते, की विश कायमचा जाईल. तीन खेपांनंतर तो शाबूत असण्याची शक्यता जेमतेम ३० टक्के. वर २डी४ (चार बाजूंच्या दोन फाशांची बेरीज) दिवस ताकद घसरून ३, आणि लाँग रेस्टपर्यंत (मोठ्या विश्रांतीपर्यंत) टाकाल त्या प्रत्येक मंत्राच्या लेव्हलमागे १डी१० (दहा बाजूंचा एक फासा) नेक्रॉटिक डॅमेज, म्हणजे जीवनशक्ती शोषणारी इजा. मागायचंच तर एकच हिरा मागा. नाण्यांचा ढीग ही 'एक वस्तू' नव्हे. डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) तो दिलाच, तरी ५० नाण्यांचं एक पौंड, म्हणजे एकूण ५०० पौंड. ताकद ३ असताना वाहून नेता येतात ४५!

प्रतिसाद २: खरा धंदा दुसऱ्या मंत्राच्या नकलेत आहे. आठव्या किंवा खालच्या लेव्हलचा मंत्र विशने टाकला तर यातला एकही त्रास नाही आणि महागडं साहित्यही लागत नाही. मेलेल्याला उठवणाऱ्या रेझरेक्शन मंत्राचा १,००० मुद्रांचा हिरा वाचतो, तासाभराचं काम एका ॲक्शनमध्ये (एका खेळीत) होतं. रोज एक गिऱ्हाईक घ्या.

प्रश्नकर्ता: सिम्युलाक्रमला (मंत्राने बनवलेल्या आपल्याच प्रतिकृतीला) विश मागायला लावलं तर?

प्रतिसाद २: चालतं, पण सिम्युलाक्रम सातव्या लेव्हलच्या स्लॉटनेच (स्लॉट म्हणजे त्या लेव्हलचा मंत्र टाकायची मोजकी संधी) बनवा: १२ तास आणि १,५०० मुद्रांची माणकाची भुकटी. विशने बनवलात तर तुमचा नववा स्लॉट आधीच संपलेला, म्हणून त्याच्याकडेही तो नसतो. त्याचे स्लॉट परत भरत नाहीत, त्यामुळे एकाकडून एकच विश. काही डीएम ३३ टक्क्यांचा फटका मूळ विझर्डलाही लावतात, ते आधीच विचारून घ्या.